बिनरश्श्याच्या शेवया

...आता तुमीच सांगा, रस्साच नसंन तर त्याले जेवन म्हनाचं का? नाई, मी खोटं कायले बोलू! मी किन्हीराजाचा गोविंदा, घरात आमी तिघं, मी, भागिरथा अन् आमची पोरगी नीलिमा, अन् तिघांच्या ताटात जलमभर तर्री तरंगली! अन् त्या दिवशी हे पोरगी म्हन्ते, "बाबा, आज जपानी शेवया. बिनरश्श्याच्या."

म्या म्हन्लं, बिन... काय?

तुमाले सांगतो, पोरगी नर्स हाये. नागपुरात वरीसभर जपानी भाषा शिकली, तिकडं जपानात म्हाताऱ्या लोकाइची सेवा कराची नोकरी लागली, अन् येनार का नाई, हे तिले दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळवाचं होतं. मायनं हात वर केले, "तुह्या बापाले इचार." अन् बापानं, म्हंजे म्या, मनात पक्कं ठरवलं होतं, जेवन झाल्यावर 'नाई' म्हनाचं. आधी म्हनलं तर पोरगी जेवत नाई ना!

मंग ते शेवया! कनकीत खायचा सोडा टाकला, मळली, लाटली, सुरीनं कापली, एवढ्या जाड्या का भागिरथा म्हन्ते, "कावं, माही शेवयाची मशीन काय मेली का?" वाटीच्या बुडाशी तेल अन् एक काळं पानी. "हे काय वं?" "सोयाबीनचंच हाये, बाबा." घ्या! तीस वर्सं पोत्यानं सोयाबीन रिसोडच्या मार्केटात नेलं, पन त्याची चव कशी लागते, हे कधी म्या पाह्यलं नाई... त्याच्यावर शेवया, त्याच्यावर खिमा, लसून, अन् वर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक, माह्याकडंच पाहून राह्यला! म्या म्हन्लं, सगळं खरं, पन रस्सा कुठी हाये?

"नसतेच, बाबा. खालून वर कालवाचं अन् खाचं."

अन् मंग माह्या हातून ते झालं. पोरगी पानी आनाले गेली, अन् म्या गॅसवरचा वांग्याचा रस्सा घेतला अन् माह्या वाटीत वतला... भदाभदा दोन पळ्या! काहून वतला? अहो, आमच्याकडं सोयऱ्याले एखादी पोळी कमी वाढतीन, पन रस्सा कमी पडला तर गावभर बोभाटा होते! अन् हे तं पोटची पोरगी, परक्या मुलखात रोज कोरडं गिळंन?

नीलिमा आली. पाह्यलं. चिडली नाई, तेच वाईट. माही वाटी उचलली, आपली माह्यापुढं ठेवली. "बाबा, एक घास तरी कोरडा खा. तिकडं मी काय खाईन ते तुमाले कळू द्या." अन् सोता ते वांग्यातल्या शेवया खात बसली.

आता बापानं काय करावं? कालवलं. खाल्लं. अन्... लागलं ना चांगलं! असा राग आला मले! वाटी संपली, बुडाशी थोडा मसाला उरला, तर हात आपसूकच भाकरीकडं गेला, कुस्करली, पुसून खाल्ली. पोरगी हासाले लागली. "बाबा, तिकडंही अस्संच करतेत! शेवटी मूठभर भात टाकतेत अन् बुडाचं पुसून खातेत."

म्या मनात म्हन्लं, बुडाचं पुसून खानारे लोक... माह्या पोरीले उपाशी नाई ठेवनार. अन् तोंडातून निघून गेलं, "जाय." त्याच तोंडातून, ज्यानं नाई म्हनाचं होतं!

गेली. सा महिने झाले. जीव लागत नाई घरात. भागिरथा अजूनही तिघांचा रस्सा टाकते, हाताले सवय... उरते. अन् आइतवारी मी सोता जाड्या शेवया कापतो, काळं पानी टाकतो. नेमका तवाच तिचा फोन येते, चेहरा दाखवनारा. माह्या वाटीकडं पाह्यते. मंग बारीक आवाजात, "बाबा... रस्सा कुठी हाये?"

मंग काय! भागिरथा अख्खं पातेलं फोनपुढं धरते. पोरगी तिकडं रस्सा पाहून जेवते, अन् इकडं मी पोरगी पाहून जेवतो. कोरडंच.