झेंडूच्या रंगाचं लुगडं

अठ्ठ्याहत्तरची भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. लाखनीच्या बसस्टँडवर माझ्या बाजूला दोघी बसल्या होत्या. माहेराहून परतणारी सुमनबाई आणि तिला तिथंच भेटलेली तिची शेजारीण रुखमा.

"माय कशी हाये, सुमनबाई?"

"तब्येतीनं बरी हाये. पन पावसाळ्यापासून डोळ्यानं काहीच दिसत नाही."

"दिवाळीचं लुगडं नेलं असंल ना?"

"नेलं. झेंडूच्या रंगाचं."

"म्हातारीले? झेंडूचं?"

"मीबी असंच म्हनत होती. बाबा गेले तवापासून, धान पिवळं झालं का माय म्हने, सुमन, औंदा झेंडूचं आन. मी म्हनलं, कुंकू पुसलेल्या बाईले शोभते का? लोक हासतील. अकरा वर्षं कथ्थई नेऊन देल्लं."

"मंग औंदा काहून?"

"दुकानदारानं हळदीचे, गेरूचे, पिकल्या धानाचे, सारे रंग पुढं पसरले. त्यात ते दिसलं. वाटलं, हासू दे लोकाईले."

"खुश झाली असंल व माय."

"तिच्या अंगावर पांघरलं. म्हनलं, माय, झेंडूचं हाये. तिनं हात फिरवला, हासली. म्हने, मले दिसत नाही म्हनून खोटं कायले बोलते?"

"शपथ घ्याची होती."

"घेतली ना, रुखमा. तं माह्याच डोक्यावर हात ठेवला. म्हने, राहू दे बाई, कथ्थईबी चांगलंच असते."