पूजेला बसलेली हातगाडी

हां मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातल्या मनात द्या! देव येतो तो कोणाच्या दारात? झाडून-पुसून लख्ख केलेल्या, की पसारा पडलेल्या? — काकू, लगेच पदर सावरलात! अहो, तुमच्या घरावर नाही बोलत मी. अजून तरी नाही!

तर ऐका. नगरच्या बाहेर माळावर एक मोठं संकुल आहे. काचेच्या इमारती, खाली दुकानं, वर ऑफिसं. तिथली बाग सांभाळायला बायकांची टोळी, आणि टोळीची मुकादम सुगंधाबाई. बाई कशी? कामाला वाघीण, जिभेला मिरची! आश्विन म्हणजे तर त्यांची लढाईच. पावसाळ्यात जे जे माजलं ते कापायचं, मेंदीचं कुंपण छाटायचं, हिरवळ सारखी करायची, झेंडू लावायचा — आणि डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन! त्यात त्या वर्षी दसऱ्याला मालक स्वतः येणार. मॅनेजर कुलथेसाहेबांना बाईंनी शब्द दिला, "दसऱ्याला दार आरशासारखं दिसंल!"

अष्टमीला टोळीनं कुंपणालगतचा खुळखुळा उपटला. पिवळ्या फुलांचं तण हो, शेंग वाळली की खुळखुळ वाजते! पुरुषभर ढीग झाला, तोही ऐन फाटकासमोर. "सकाळी हातगाडीनं नेऊ," म्हणाल्या आणि गेल्या घरी.

सकाळी काय? खंडेनवमी! ज्याच्या हाताला अवजार, त्याचा सण. खुरपी, कोयते, कात्र्या धुऊन ओळीनं मांडल्या. बाईंना आला हुरूप! "वर्षभर ओझं वाहती, तिला का गं वगळायचं?" म्हणून हातगाडीही धुतली. चाकांना हळदकुंकू, दांडीला माळ, आरती, नारळ — आणि प्रसाद तोंडात टाकता टाकता नजर गेली ढिगाकडे. अगं बाई! गाडी बसली पूजेला आणि केर बसला दारात!

आता कुंकू लागलं की पूजा उठेपर्यंत अवजाराला हात नाही. पूजा उठणार दसऱ्याच्या आरतीनंतर, आणि मालक येणार त्याच्या आधी. तेवढ्यात कुलथेसाहेब हजर!

"सुगंधाबाई, हे काय?"

"गाडी पूजेला बसलीय, साहेब."

"मग उठवा की!"

"देवाला ऊठ म्हणू? तुमच्या आईनं पुजलेली विळी तुम्ही आज उचलाल?"

साहेब वळले. पण जाताना बोललेच, "उद्या मालकांना हा ढीग दिसला, तर परवापासून दुसरी टोळी येईल. मग माझ्याकडे येऊ नका."

सगळ्याजणींच्या चुली त्या बागेवर पेटायच्या, आणि चूक कोणाची? बाईंची स्वतःची! मग त्यांनी दोन्ही हात वर करून बायकांना दाखवले. "हे थोडेच पूजेला बसलेत? आज सणाचा दिवस जाऊ द्या. उद्या उजाडलं की कवळ्या-कवळ्यानं उचलते."

दसरा उजाडला. ऊन नुकतं फाटकाला लागलेलं. बाई एकट्याच आल्या, पदर खोचला, "आई जगदंबे!" म्हणाल्या, ढिगात हात घातले —

आणि ढीग उडाला!

मंडळी, ढीग उडाला! फुलपाखरं! किती? अहो, मोजतो कोण! काळी, त्यांवर निळसर ठिपके. तपकिरी. केशरी. उपटलेला खुळखुळा सुकायला लागला की त्याच्या रसावर ही येतात म्हणे. हे मला मागाहून कळलं, बाईंना कुठलं ठाऊक? त्या हात पसरून उभ्या राहिल्या. फुलपाखरं हातांवर बसली, केसांवर बसली, एक तर कपाळाच्या कुंकवापाशी बसलं! आणि आवाज? काही नाही! एवढ्या वर्षांत त्यांनी हे तण किती उपटलं असेल, पण दरवेळी लगोलग गाडीत भरून नेलं. त्याच्यापाशी कधी थांबल्याच नव्हत्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी! "आई, तू होय!"

इतक्यात कुलथेसाहेब ओरडत आले. "अजून तसाच?"

"साहेब, हळू," बाई म्हणाल्या. मिरचीची जीभ, पण आज कशी साखर झालेली! "तुम्ही म्हणाल तर उचलते. पण आधी इथं या."

साहेब आले. एक फुलपाखरू त्यांच्या बाहीवर बसलं. साहेब जे थांबले, ते हलेचनात.

तोवर आरतीसाठी बायका जमल्या, आणि वाजला मालकांच्या गाडीचा हॉर्न! साहेब भानावर आले, फाटकाकडे धावले. बायकांना वाटलं, संपलं! आता गेलं काम! पण साहेबांनी दोन्ही हात पसरून गाडीच अडवली. "मालक, गाडी इथंच राहू द्या. चालत या. आणि... बूट काढलेत तर बरं."

मालक अनवाणी आले. बघत राहिले, बघत राहिले. मग हळूच विचारलं, "हे कोणी केलं?"

सुगंधाबाई म्हणाल्या, "कोणी नाही, मालक. राहून गेलं."

टोळी आजही तिथंच आहे बरं का! आणि आता अष्टमी आली की कुलथेसाहेबच बजावतात, "खुळखुळा उपटा, पण नेऊ नका."

आता वळतो तुमच्याकडे! "पोरीचं लग्न होऊ दे, घर बांधून होऊ दे, सगळं आवरलं की मग देवाचं बघू" — म्हणता ना? अहो, आवरून कोणाचं झालंय? तुम्ही आवरत बसता आणि तो बिचारा दारातल्या ढिगावर येऊन बसलेला असतो! काम करा, जीव तोडून करा. पण काही राहून गेलं, तर त्याच्यापाशी घडीभर रिकाम्या हातांनी उभे राहा.

काकू, सोडा तो पदर. पसारा आहे ना घरी? मग देवी वाटेवर असेल. चला, उठा आरतीला!