रविवारचं पाणी

भाचा : ...आणि मागच्या खेपेला छातीठोक सांगितलंत, "आता एक थेंब जरी आला तर नाव बदलीन." बघा वर. जेवणाच्या टेबलावर तळं झालंय. सांगा, काय नाव ठेवायचं तुमचं?

प्लंबर : चेष्टा नका करू साहेब. उभा जन्म पाईप जोडण्यात गेला माझा. मावशी म्हणाल्या स्वयंपाकघरातला नळ, तो बदलला. मावशी म्हणाल्या सिंकखालचा पाईप, तोही बदलला. मावशी म्हणाल्या भिंत फोड, तर फोडली.

आत्या : फोडलीस ती अशी फोडलीस की शेजारचं मांजर आरपार जायला लागलंय.

भाचा : पण पाणी छतातून येतंय! छत गळताना सिंकखाली शिरलात कशाला?

प्लंबर : मावशी म्हणाल्या.

आत्या : पाण्याला काय रे, वाट फुटेल तिकडं जातं.

भाचा : खालून वर जातं?

आत्या : आपल्या घरात जातं.

भाचा : आत्या, हसण्यावारी नेऊ नकोस. पोपडे सुटलेत. तू एकटी इथं जेवायला बसतेस, एखादा तुकडा डोक्यात पडला तर? मला तर वरच्या बाथरूमचाच संशय होता. पण तू म्हणतेस रोज गळतं, आणि वर तर आठवडाभर कोणी फिरकत नाही.

आत्या : रोज गळतं. सकाळ-संध्याकाळ.

भाचा : मग बाथरूम नाही. आज छडा लागलाच पाहिजे. नाही लागला, तर उद्या मी दुसरा प्लंबर आणणार.

प्लंबर : साहेब, एवढं टोकाचं नका बोलू.

आत्या : गच्चीवरची टाकी बघ जा. तीच फुटली असणार, मेली. नीट सगळ्या बाजूंनी बघ, घाई करू नकोस.

(भाचा गच्चीवर जातो.)

प्लंबर : मावशी, सरका जरा. तोवर मी वरची बाथरूम बघून येतो.

आत्या : काही नको. खणखणीत आहे ती.

प्लंबर : मी अजून तिचं तोंडही पाहिलेलं नाही. दर वेळी तुम्ही जिन्यात आडव्या येता.

आत्या : बस. चहा घे. तुला एक सांगते, पोटात ठेवशील?

प्लंबर : माझ्याकडून थेंब बाहेर पडायचा नाही.

आत्या : नळ बसवतानाही हेच म्हणाला होतास. ऐक. पाणी तिथूनच येतंय.

प्लंबर : कुठून?

आत्या : वरच्या बाथरूममधून. हा शॉवरखाली उभा राहिला की तासाभरानं इथं टपटप सुरू.

प्लंबर : आणि इतर दिवशी?

आत्या : इतर दिवशी वर जातंय कोण? माझे गुडघे मला जिना चढू देतात का? हा शनिवारी येतो, रात्री राहतो, रविवारी न्हातो, की गळतं. मध्ये एका शनिवारी त्याला यायला जमलं नाही, तर छत कोरडं ठणठणीत. मी इथंच बसून बघत होते. इतकं वाईट वाटलं मला त्या कोरड्या छताकडं बघून.

प्लंबर : अहो, मग माझ्याकडून भिंत कशाला फोडून घेतलीत?

आत्या : तो म्हणाला, प्लंबर बोलाव. बोलावल्यावर तुला काहीतरी काम द्यायला नको?

प्लंबर : आणि शेजारच्या मास्तरीणबाई? त्यांचा पाईप आपल्या भिंतीत झिरपतो म्हणून तुम्ही त्यांच्याशी कडाकडा भांडलात!

आत्या : ते भांडण जुनंच होतं. त्यात हेही घातलं, एवढंच.

प्लंबर : धन्य आहे तुमची. पण मावशी, ही काही लपवायची गोष्ट आहे का? मोरीचा सांधा सुटला असेल. फरशी फोडायची, सांधा बदलायचा, पुन्हा फरशी बसवायची. वाळेपर्यंत पंधरा दिवस वापरायची नाही. झालं.

आत्या : झालं काय? पंधरा दिवस म्हणजे दोन शनिवार गेले. आणि दोनावर थांबेल कशावरून? मागच्या हिवाळ्यात तिथला गिझर बिघडला. तर हा दुपारी जेवून संध्याकाळच्या बसनं परत जायला लागला. "आत्या, गार पाणी सोसत नाही." बरं, गिझर आठवड्यात दुरुस्त करून घेतला मी. तरी हा राहीना! उन्हाळा उजाडला तेव्हा कुठं पुन्हा राहायला लागला. माणसाची सवय एकदा मोडली की मोडली.

प्लंबर : तुमचा भारी जीव दिसतोय त्यांच्यावर.

आत्या : माझा भाऊ-भावजय नोकरीपायी सदा फिरतीवर. हा माझ्या हाताखाली वाढला. आता आठवड्यातली एक रात्र तेवढी माझ्या वाट्याला उरलीय. तीही घालवू? गळू दे की छत. मी बादली ठेवीन.

प्लंबर : आणि मी त्यांना काय सांगू?

आत्या : टाकी सांग.

प्लंबर : म्हणजे उद्या दुसरा प्लंबर येणार, चहा निवायच्या आत सांधा शोधणार, आणि माझी अब्रू चव्हाट्यावर!

आत्या : तुझ्या अब्रूचं मी बघते. ओळखीत सगळ्यांना तुझंच नाव सांगीन. मास्तरीण सोडून.

भाचा : (वरून ओरडून) आत्या! टाकीला काही झालेलं नाही! मीच शेवाळावरून घसरलो, नखशिखांत माखलोय! शॉवरखाली उभा राहून येतो गं!

आत्या : नको! खाली ये! मी बादलीत पाणी काढून देते!

भाचा : काय? ऐकू येत नाही!

आत्या : अरे, शॉवर नको... लावला. लावलाच. ऐकतोयस का आवाज?

प्लंबर : ऐकतोय. मानेवर पडतंयही.

आत्या : इतक्यात? एरवी तासभर लागतो.

प्लंबर : सकाळपासून मुरलेलंच आहे मावशी. आता कसला दम धरतंय ते.

आत्या : मग बघत काय उभा राहिलास? हे पातेलं घे, टेबलावर चढ. वर धर, अगदी छताला लावून. अगंबाई, आवाज केवढा होतोय! आत टॉवेल घाल, टॉवेल!

प्लंबर : माझ्या अख्ख्या खानदानात कोणी असलं काम केलेलं नाही.

आत्या : तोंड बंद. आला तो.

भाचा : हे काय चाललंय?

प्लंबर : तपासणी.

भाचा : टेबलावर चढून, डोक्यावर पातेलं धरून?

प्लंबर : नवीन पद्धत आहे, साहेब.

आत्या : मोठमोठ्या शहरांत हल्ली असंच करतात.

भाचा : आणि पातेल्यात टॉवेल?

आत्या : तो वाळत घातलाय.

भाचा : थांबा, थांबा. सकाळी मी न्हालो, सकाळी पाणी आलं. आत्ता न्हालो, आत्ता आलं. आत्या, रोज गळतं म्हणालीस ना?

आत्या : रोजच.

भाचा : माझ्याकडं बघून सांग.

आत्या : चष्मा सापडत नाहीये.

भाचा : डोक्यावर आहे.

प्लंबर : मावशी, हात भरून आले हो. सांगून टाका एकदाचं.

आत्या : फितूर मेला! हो, माहीत होतं मला. केव्हाचं माहीत होतं. झालं समाधान?

भाचा : मग ही भिंत, तो नळ, मास्तरीणबाई...?

प्लंबर : गिझर, साहेब. सगळं त्या गिझरपायी.

आत्या : तू गप. मी सांगते. बाथरूम बंद पडली की तू परत संध्याकाळच्या बसनं जायला लागशील, असं वाटलं मला. तू गेल्यावर रात्री हे घर खायला उठतं रे. नको होतं मला ते. म्हणून खोटं बोलले. आता हस हवं तर.

भाचा : हसत नाहीये. आत्या, मी गिझरमुळे जात नव्हतो.

आत्या : मग?

भाचा : नोकरी गेली होती.

आत्या : कुणाची?

भाचा : माझी. दुपारी तू वाढण्याच्या गडबडीत असतेस, तेव्हा निभावून जायचं. पण रात्री दिवा मालवला की तू विचारतेस, "बोल, काय चाललंय?" अंधारात तुझ्याशी खोटं बोलणं मला कधी जमलेलंच नाही. गिझर आयताच सापडला. दुसरी नोकरी लागली, मग राहायला लागलो.

आत्या : अख्खा हिवाळा?

भाचा : अख्खा हिवाळा.

आत्या : तिकडं धड जेवत तरी होतास का?

भाचा : इथं पोटभर जेवायचो ना.

आत्या : ते आठवड्यातून एकदा! आणि मी डबा भरून द्यायचे तर म्हणायचास, "नको, ओझं होतं."

भाचा : तो डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो असतो, तर सगळ्यांदेखत रडलो असतो.

आत्या : वेडा आहेस.

भाचा : तुझ्याच हाताखाली वाढलोय.

प्लंबर : साहेब, टॉवेल जड झालाय. वरची फरशी फोडायची की नाही, तेवढं सांगा. मी उतरू तरी.

भाचा : फोडा. मी खाली बादलीनं न्हाईन. गार असलं तरी चालेल.

आत्या : फोड रे बाबा. पण जरा दमानं घे. आमचं बोलायचं राहिलंय.