व्हॅनचा लाल दिवा आणि सासरे

तुम्ही म्हणता, मी कुणापुढेच हटत नाही. सासऱ्यांपुढे एकदा हटलोय, लग्नाच्या दिवशीच.

जवळा बाजारहून, म्हणजे सासुरवाडीहून, नवरीला घेऊन निघताना मित्राच्या जुन्या व्हॅनच्या डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा विझेना. ब्रेक ऑइल भरलं, हँडब्रेक वरखाली केला, वायरी हलवल्या.

“असल्या गाडीत पोरगी न्हाई पाठवत,” सासरे म्हणाले.

“ब्रेक बराबर लागतो, दिवाच खोटारडा आहे!” मी मुंडावळ्यांसकट भांडलो.

“मंग मीच येतो पाठराखीण म्हणून.”

लेकीशेजारी बसून ते वाटभर दिव्याकडे पाहत राहिले. हिंगोलीत आमच्या दाराशी तो आपोआप विझला.

“बघा!” मी ओरडलो.

सासऱ्यांचा चेहरा पडला. लेकीचा हात न सोडता ते म्हणाले, “एक चक्कर अजून मारा जावईबापू, पुन्हा लागतो का पाहू.”

मी मित्राला गाडी वळवायला सांगितलं.