बघतो तुम्हाला

हसू नका, पण कोणी ‘बघतो तुम्हाला’ म्हटलं की अजून मी दोन पावलं मागे सरकतो.

मीरा रोडला हॉकीच्या मॅचला मी अंपायर होतो. एका आडदांड डिफेंडरला यलो कार्ड दाखवून पाच मिनिटं बाहेर बसवलं. जाताना तो अगदी शांतपणे म्हणाला, “मॅच संपू दे सर, बघतो तुम्हाला.”

पाच मिनिटांनी तो आत आला आणि बॉलमागे धावत थेट माझ्यावर आदळला. मी आडवा झालो. डोळे उघडले तर त्याची स्टिक माझ्या तोंडासमोर. दुसरा अंपायर धावत आला. “मुद्दाम केलं ना याने? रेड दे.”

डिफेंडर म्हणाला, “आईशप्पथ सर, बॉलकडे बघत होतो. तुम्ही दिसलाच नाहीत.”

मुद्दाम की चुकून, हे मला ठरवायचं होतं. धमकी फक्त मी ऐकली होती, आणि मॅचनंतर बाईकपर्यंत मला एकट्यालाच जायचं होतं.

“चुकून झालं,” मी म्हणालो.

बाईकपाशी तो उभाच होता.

“सकाळपासून लंगडताय सर. मी फिजिओ आहे, पेणकरपाड्यात क्लिनिक आहे माझं. म्हटलं होतं ना, बघतो.”

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या टेबलावर पालथा पडलो होतो. त्याने माझा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला, हळूहळू दुमडत नेला आणि विचारलं, “सर, ते यलो कार्ड नक्की कशासाठी होतं?”