दर मिनिटाला येणारे वाचक

...आणि वर मलाच ऐकवतात, "जावईबापू, तुम्ही जळता माझ्यावर!" मी? जळतो? अहो, मी कसला जळतोय, मी तर आतल्या आत करपून गेलोय! आता हे जळणं निराळं आणि ते करपणं निराळं, पण सासऱ्यांना समजावणार कोण? तुम्हाला सांगतो, माणसाने काय वाट्टेल ते करावं, पण सासऱ्यांना वेबसाइट काढून देऊ नये. दोष माझा नव्हता हो... म्हणजे होता, पण एवढा नव्हता!

सासऱ्यांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाले आणि डोक्यात घेतलं की लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांच्या गोष्टी लिहायच्या. कारण काय, तर हे वर अंधारात पाना घेऊन लटकलेले, खाली डब्यातल्या माणसांना वाटायचं आपलं कोण ऐकतंय, आणि यांना शब्द न् शब्द ऐकू! वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ दोन मजल्यांच्या मध्ये एकमेकांच्या गळ्यात पडले, एका बाईने तर तिथल्या तिथे नवरा पसंत केला... आणि यांनी मुद्दाम पाना सावकाश फिरवला म्हणे!

बायको म्हणाली, "बाबांना एक वेबसाइट करून दे ना, तू दिवसभर तेच तर करतोस." आता मी ऑफिसात काय करतो? दुसऱ्यांच्या वेबसाइट जिवंत आहेत ना, ते बघतो. नर्स नाडी बघते ना, तसं. सर्व्हर तापला का, मेमरी संपत आली का, डिस्क तुडुंब भरली का... स्क्रीनवर रेघा चाललेल्या असतात. रेघ सपाट तर संसार सुखाचा, रेघ उसळली की साहेब उसळतात!

तर मी क्लाउडवर एक छोटं मशीन भाड्याने घेतलं. सासरे म्हणाले, "दाखवा की मशीन." म्हटलं, "बाबा, ते खरं मशीन नसतं. लांब कुठेतरी एक मोठं मशीन असतं, त्यात नुसते मानलेले गाळे पाडतात. त्यातला एक आपला."

"मानलेला गाळा?"

"हो."

"आणि भाडं?"

"ते खरं."

सासऱ्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मुलगी कोणाला दिली, असा तो चेहरा! मग म्हणाले, "पानाच्या तळाशी मला आकडा पाहिजे. लिफ्टमध्ये कसा लाल दिसतो, कितवा मजला ते, तसा. किती माणसं येऊन गेली ते कळायला नको?" दिला आकडा. लाल दिला! आणि मग सवयच वाईट ना... सर्व्हर उभा केला की त्यावर पहारा बसवायचाच, त्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पाच देशांतल्या पाच यंत्रांना कामाला लावलं. त्यांनी दर मिनिटाला यायचं, पान उघडायचं, "आहेस का?" "आहे." "बरं." की चालली. उत्तर आलं नाही तर माझा फोन कोकलणार. झालं! एवढंच केलं मी!

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन. "जावईबापू... अहो, आकडा बघितलात का?" मी बघितला आणि कपाळावर हात मारला. ती पाच कार्टी प्रत्येक वेळी वाचक म्हणून मोजली जात होती! दोन ओळींचं काम होतं, यंत्रं वगळायची की संपलं. मी तोंड उघडलं, तर पलीकडून आवाज आला, "मला वाटलं होतं, कोण वाचणार लिफ्टवाल्याचं..." आणि आकडा मला पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवला. आता सांगा, अशा वेळी तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हणालो, "छान चाललंय, बाबा." दोष माझा नव्हता हो... म्हणजे होता, पण जीभ जड झाली त्याला मी काय करू?

मग काय विचारता! एका बोटाने टाइप करणारा माणूस दोन बोटांवर आला. रोज नवी गोष्ट. वाचक कुठून येतात म्हणून नकाशा मागितला, तोही मी दिला (काय अवदसा आठवली!), आणि नकाशावर पाच देशांत पाच ठिपके लुकलुकायला लागले. त्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, "समुद्रापलीकडच्या माझ्या सुहृदांनो, प्रकृतीला जपा." प्रकृतीला! ज्यांना प्रकृतीच नाही त्यांना! शेजारी, दूधवाला, केस कापणारा, सगळ्यांना सांगून झालं. फोटो काढायला नवा सदरा शिवला. इस्त्री मी करून आणली, तुम्हाला सांगतो, त्या सदऱ्याची एकेक घडी माझ्या छातीवर पडत होती.

तरी इथवर चाललं असतं. पण डोळ्यांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, आता टाळू नका, नजर धोक्यात येईल." आणि सासरे खुर्चीतून उठून म्हणाले, "डॉक्टर, सध्या जमायचं नाही. माणसं दर मिनिटाला येतात माझ्याकडे, रिकाम्या हाताने कशी पाठवू?" डॉक्टर बाईंनी माझ्याकडे बघितलं. बायकोने बघितलं. सासूबाईंनी बघितलं. मी भिंतीवरचा तक्ता बघत होतो, सगळ्यात वरचं मोठं अक्षरसुद्धा मला वाचता येईना!

त्याच संध्याकाळी गेलो, समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. "बाबा, ती माणसं नाहीत. यंत्रं आहेत. मीच लावलीत."

"यंत्रं?"

"हो."

"वाचतात?"

"वाचत नाहीत हो, नुसती दार वाजवून जातात!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "जावईबापू, यंत्रांमध्ये हयात गेली माझी. बटण दाबल्याशिवाय यंत्र जागचं हलत नाही. दर मिनिटाला जी येते ना, ती ओढ, आणि ओढ माणसालाच असते. खरं सांगू? तुम्ही जळता माझ्यावर."

डोकंच सटकलं माझं! म्हटलं, थांबा, आता दाखवतोच. घरी आलो आणि त्या दोन ओळी लिहिल्या. यंत्रं मोजणीतून बाद. आकडा जो गोठला, तो गोठलाच. मी वाट बघतोय, आता फोन येईल, आता भांडतील, आता पटेल... फोनच नाही. शेवटी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबांनी लिहिणं बंद केलंय. खिडकीपाशी बसून असतात. परवा मला विचारत होते, माझ्या शेवटच्या गोष्टीत कोणाला दुखावण्यासारखं काही होतं का गं?"

घास हातातच राहिला माझ्या. दोष माझा नव्हता हो... नाही, होता! होता, पुरता होता!

लॅपटॉप उघडला, म्हटलं यंत्रं मोजणीत परत घेतो. आणि बघतो तर काय, गोठलेला आकडा अगदीच गोठला नव्हता. रोज दुपारी एकाने वाढत होता. एक खरं माणूस! कोण म्हणून शोधलं, तर पत्ता सासऱ्यांच्याच घरचा. आणि सासरे दुपारी झोपतात. मी सासूबाईंना फोन लावला. त्या कुजबुजल्या, "हो, मीच वाचते, स्वयंपाकघरात बसून. त्यांना सांगू नका, डोक्यावर बसतील." मग मी सगळा पाढा वाचला... यंत्रं, दार, आकडा, सगळा. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही वाचलंत का काही त्यांचं?"

मी म्हटलं, "म्हणजे... पान उघडतंय ना, ते रोज बघतो."

"पान उघडतं हो. त्याच्यापुढे वाचायचं असतं."

असं बोलल्या आणि मी उभ्या जागी बोटाएवढा झालो. दर मिनिटाला पाच देशांतून विचारणा करतोय, पान आहे का, पान आहे का, आणि पानावर काय आहे? मला ठाऊक नाही! सासऱ्यांच्या नाडीवर हात ठेवला, पण चेहरा नाही बघितला कधी!

"ती यंत्रं परत चालू करा," सासूबाई म्हणाल्या, "डोळ्याचं मी बघते." मी यंत्रं परत मोजणीत घेतली, आकडा पळायला लागला. आणि सासूबाईंनी बघितलंच! सासऱ्यांना म्हणाल्या, "अहो, एवढी जीव लावणारी माणसं आहेत, तर त्यांना सांगून रजा घ्या की. न सांगता नजर गेली तर त्यांनी काय करायचं?" हे मात्र पटलं. वेबसाइटवर पाटी लागली, "डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे लेखन काही दिवस बंद. वाचकांनी काळजी करू नये."

शस्त्रक्रिया झाली. छान झाली. डोळ्यावर पट्टी, स्क्रीन बघायला बंदी. मी भेटायला गेलो, तर पहिला प्रश्न, "येतायत का?"

"येतायत, बाबा."

"नवीन काही नाही, तरी?"

"तरी."

पट्टीच्या कडेने पाणी आलं हो! सासूबाई ओरडल्या, "डोळा ओला करायचा नाही म्हणून सांगितलंय ना!" आणि मी... मी कुठे तोंड लपवू? म्हटलं, "बाबा, मी वाचून दाखवू का तुमचीच एखादी?" निदान तेवढं तरी!

वाचायला लागलो. एका म्हाताऱ्या वकिलाची आणि त्याने ज्याला तुरुंगात पाठवलं त्या माणसाची गोष्ट. सुटून आलेला तो आणि वकील, दोघंच लिफ्टमध्ये, आणि वीज गेली. तुम्हाला सांगतो, अंगावर काटा! चहा निवला, फोन वाजून थांबला, मला भान नाही. तो माणूस अंधारात म्हणतो, "वकीलसाहेब, ओळखलंत का?"... आणि पान संपलं!

"बाबा, पुढे?"

"पुढचं लिहायचं राहिलंय. पट्टी सुटली की."

"अहो, मग तोंडी सांगा की! आत्ता!"

सासरे उशीला टेकून नीट बसले. "छे छे. ती माणसं पाटी वाचूनसुद्धा रोज थांबलीयत, आणि त्यांच्या आधी तुम्हाला सांगू? घरचे झालात म्हणून काय झालं? रांगेत या."

रांगेत या, म्हणाले... आलो. काय करतो? उभा आहे आता, पाच यंत्रांच्या मागे!