जमलेली ओळ

जमुनाबाई: नको वाजवू बेल. थांब थोडी.

रुचिका: वाजवली आई. सालेकस्यावरून आमगावपर्यंत स्कूटीवर आलो, आता काय दारातून परत जायचं?

जमुनाबाई: काय म्हणू मी तिले? तोंडच उघडत नाही माझं.

रुचिका: नवलच आहे. लग्न होऊन आली तवापासून तुमचं तोंड बंद राहिलेलं मी पाहिलं नाही. कोणाच्याही घरी लग्न निघो, पंगतीत व्याह्यायच्या थट्टेची गारी म्हणायले जमुनाबाईच पाहिजे.

जमुनाबाई: त्याच तोंडानं शेण खाल्लं न.

सुशिलाबाई: कोण आहे?... अच्छा. तुम्ही.

रुचिका: नमस्कार काकी. मी रुचिका, यांची सून. लग्नात ढोलकी मीच वाजवून राहिली होती.

सुशिलाबाई: ओळखलं. या, बसा. चंदा घरी नाही. ओमेशसोबत तिकीट काढायला स्टेशनवर गेली. तुमच्या भाचीची चिंता नका करू, इथं तिला कोणी काही म्हणत नाही.

जमुनाबाई: चंदाले भेटाले नाही आली, इहीनबाई. तुमालेच भेटाले आली.

सुशिलाबाई: माझ्याकडे काय काम?

रुचिका: काकी, ऐतवारी चंदाच्या माहेरी पंगत आहे. सारे येऊन राहिले, आनं तुम्ही येणार नाही असा फोन आला. जावयाले, ओमेशले, आईच्या जागी तुम्हीच वाढवलं. तुम्हीच नाही आल्या तर चंदा माहेरच्या दारात कोणत्या तोंडानं उतरेल? तिच्या बाबाले तर झोपच नाही.

सुशिलाबाई: माझे पाय दुखतात.

रुचिका: लग्नात तर तुम्ही...

सुशिलाबाई: लग्नातून आल्यावरच दुखायला लागले.

जमुनाबाई: मले मालूम नव्हतं, इहीनबाई.

सुशिलाबाई: काय मालूम नव्हतं?

जमुनाबाई: हेच का... तुमाले लेकरू...

सुशिलाबाई: सोयरीक जमली तेव्हा तुम्ही इथंच बसल्या होत्या. याच सोफ्यावर. तुम्ही विचारलं, तुम्हाला लेकरं किती? मी म्हटलं, झालं नाही. दवाखाने झाले, देव झाले, कचारगडही चढून आलो, झालं नाही. तुम्ही माझा हात धरला आणि म्हटलं, असू द्या बाई, ओमेश आहे न. विसरल्या?

रुचिका: आई?

जमुनाबाई: नाही विसरली.

रुचिका: मले तर घरी सांगितलं, मालूमच नव्हतं म्हणून. मी साऱ्यायशी भांडून राहिली तुमच्याकडून!

जमुनाबाई: सुनेले कसं सांगू खरं? चार बायांमध्ये मिरवते मी तुह्या समोर.

सुशिलाबाई: सुनेसमोर बोलायचं नसेल तर मी तिला आत पाठवते. चहा ठेवेल.

जमुनाबाई: राहू द्या. ऐकू द्या तिले.

रुचिका: काकी, मी लहान आहे, पण एक सांगू? गारीचा राग कोणी मनात ठेवते काय? व्याह्यायची थट्टा कराचीच रीत आहे. तुमच्याकडच्या बायांनी नाही काय माह्या सासऱ्यांना कोल्हा म्हटलं? भर मांडवात! ते हसले न.

सुशिलाबाई: तुझे सासरे कोल्हे आहेत काय?

रुचिका: ते? त्यायले तर भाजीवालाही फसवते. एकदम भोळे आहेत.

सुशिलाबाई: म्हणून हसले.



जमुनाबाई: तिले काय विचारता. मीच शिकवलं तिले. गारी खोटीच पाहिजे. सढळ हाताचीले कंजूष म्हणावं, गोरीपान असली का तव्याचं बूड म्हणावं. आयकणाऱ्यालेही मालूम असते का हे खोटं आहे, म्हणून तर मजा येते. खरं घातलं का ते गारी राहतच नाही. शिवी होते. पोरीयले हे सांगून सांगून माहा घसा कोरडा झाला, आनं मीच...

सुशिलाबाई: मंग काऊन म्हटली?

जमुनाबाई: काय सांगू.

सुशिलाबाई: नाही, सांगा. माझं तुमचं काही वैर नाही. पोरगी तुम्ही दिली, आम्ही हौसेनं केली. जेवणात काही कमी पडलं? मानपानात? कोणी काही बोललं? तुम्ही सांगितलं तर मी समजून घेईन. एखाद्या कारणाचा राग असला तर तो उतरतो तरी.

जमुनाबाई: काही कारण नव्हतं, इहीनबाई. तेच तर. राग असता तर बरं झालं असतं. तुमच्याकडच्या बायांनी लय चांगली गारी म्हटली होती, आमची बाजू खाली पडून राहिली होती. साऱ्या माह्या तोंडाकडं पाहून राहिल्या. रुचिकानं ढोलकीवर ठेका धरला, ढुमढुम, ढुमढुम. त्या ढुमढुममधून मले ढोली सुचली. धान भरायची बांबूची ढोली. ढोलीच्या मांगं पोली आली, आतून पोकळ. शेतातलं पाणी कसं बांधी फुटली का आपोआप धावते, तशी ती ओळ धावत आली. बसली. अशी बसली का... म्हणायच्या आधी मले अर्थ समजला होता. एकदम समजला होता. मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही हिरव्या शालूत बसल्या होत्या.

सुशिलाबाई: आणि?

जमुनाबाई: आनं मी मनात म्हटलं, पण किती चांगली जमली आहे.

रुचिका: आई...

जमुनाबाई: लाज वाटते मले. रात्री भिंतीकडं तोंड करून झोपते. घरधन्याले काय सांगू, का तुमची बायको एका यमकासाठी कोणाच्या काळजावर पाय देऊन आली?

सुशिलाबाई: मी काय करून राहिली होती तेव्हा, पाहिलं तुम्ही?

जमुनाबाई: नाही. मंग मी नाही पाहिलं तुमच्याकडं.

सुशिलाबाई: टाळ्या वाजवत होती मी.

रुचिका: तुम्ही?

सुशिलाबाई: हो. चाल इतकी छान होती. माझ्याकडे पाहून आमगावचं नाव घेतलं म्हणून खूश झाली. म्हटलं, आता माझ्यावर काहीतरी मजेचं येणार. पहिली ओळ झाली, मी टाळी वाजवतेच आहे. दुसरी ओळ झाली, बाया हसल्या, मीही हसली. शब्द मागून पोहोचले. आणि पोहोचले तरी माझे हात थांबेनात. तालात होते ते. माझ्याच हातांनी ठेका धरला, बाई, तुमच्या त्या ओळीला.

जमुनाबाई: नका सांगू.

सुशिलाबाई: मलाच भेटायला आल्या न? मंग ऐका. लोक हसले त्याचं मला नाही वाटत. मी हसली, त्याची लाज वाटते. लाज तुम्हाला वाटायची, वाटून राहिली मला.

जमुनाबाई: पाया पडते मी तुमच्या.

सुशिलाबाई: नका. उठा. पोरगी दिली तुम्ही आमच्या घरी, पाया कसल्या पडता. त्यापेक्षा एक करा. ती गारी म्हणा.

जमुनाबाई: आता?

सुशिलाबाई: आता. ढोलकी नाही, टाळ्या नाही, हसायला बाया नाही. नुसती म्हणा.

(जमुनाबाई सवयीनं टाळीसाठी हात वर करतात. मग स्वतःचीच शरम वाटून ते पदराखाली घेतात.)

जमुनाबाई: आमगावची... आमगावची ढोली गं, शेणानं लिपली ढोली... ढुमढुम वाजे ढोली... पोटी... नाही म्हणवत, इहीनबाई.

सुशिलाबाई: पोटी दाणा नाही, आतून पोली. मला पाठ आहे. नुसती म्हटली का कशी वाटते, पाहिलं? मांडवात अशी म्हटली असती तर कोणी हसलं असतं काय? तुम्हालाच थोबाडीत दिली असती. पण ते ढ, ढ, ढ... त्यानं साऱ्यांना नाचवलं.

रुचिका: काकी, कोणी त्या गारीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आहे, तो मी काढायला लावते. आजच.

सुशिलाबाई: कुठून कुठून काढशील? परवा हे दुकानात दाळ तोलून राहिले होते. मी मागं गिनती करत बसलेली. तोलता तोलता गुणगुणायला लागले. शब्द नाही, नुसती चाल. कुठं ऐकली तेही त्यांच्या ध्यानात नव्हतं. मंग एकदम ध्यानात आलं. तराजू तसाच हातात. गिऱ्हाइक म्हणते, शेठ, काय झालं? तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत नाही. जेवताना टीव्ही लावतो.

जमुनाबाई: गुलाबचंद भाऊजींनीही...

सुशिलाबाई: ते काही बोलले नाही. तेच जास्त लागते.

जमुनाबाई: इहीनबाई, मी आता गारी नाही म्हणणार. कोणाच्याच लग्नात नाही. तुमच्या समोर शपथ घेते. गळा आटला म्हणून सांगीन.

सुशिलाबाई: वा. आणि लोक काय म्हणतील?

जमुनाबाई: काही का म्हणत ना.

सुशिलाबाई: म्हणतील, जमुनाबाई काऊन गप्प झाली? मंग कोणी सांगेल, आमगावच्या त्या बाईवर गारी म्हटली तेव्हापासून. कोणती बाई? अरे, तीच, जिला लेकरू नाही ती. प्रत्येक लग्नात तुम्ही गप्प बसाल आणि प्रत्येक लग्नात माझं नाव निघेल. तुमचं मन हलकं होईल, माझं काय?

जमुनाबाई: मंग मी करू तरी काय? तुम्ही सांगाल ते करते.

सुशिलाबाई: ऐतवारच्या पंगतीत गारी म्हणा. त्याच चालीवर. साऱ्यांसमोर, माझ्याच नावानं. पण रीतीची म्हणा, खोटी.

रुचिका: मतलब तुम्ही याल?

सुशिलाबाई: माझ्यावरची गारी माझ्या मागं म्हणतात काय? येईन. पण आधी मला ऐकवा. आता पंगतीत बसून मला शब्दांची वाट नाही पाहायची.

जमुनाबाई: काय घालू?

सुशिलाबाई: ते तुमचं काम आहे.

रुचिका: काकी, तुमचं खोटं काय आहे, सांगा न. तुम्ही काय नाही करत?

सुशिलाबाई: गोड नाही खात. शुगर आहे मला. लग्नातली बुंदीही नाही चाखली.

रुचिका: झालं तर! आई, गुळावर बांधा. गूळ चोरून खाते म्हणा. सारे हसतील. गूळ, गिळे, गटागटा... किती तरी जमते!

जमुनाबाई: थांब. गटागटा नको. चांगलं जमाले लागलं का भेव वाटते आता मले.

रुचिका: बरं, मंग तुम्हीच म्हणा.

जमुनाबाई: आमगावची इहीन गं... आमगावची इहीन... येतच नाही. ढोलीच येते तोंडात.

सुशिलाबाई: मी थांबते. घाई नाही.

जमुनाबाई: आमगावची इहीन गं, गूळ चोरून खाई... नवऱ्यानं विचारलं तर म्हणे मी खाल्ला नाही.

रुचिका: दुसऱ्या ओळीत ताल तुटते आई. ढोलकी कुठं मारू मी?

जमुनाबाई: मालूम आहे मले. लांबली. आनं खाई, नाही... हे तर शाळेतलं पोरगंही जोडते. इहीनबाई, नाही जमली. हे आयकून कोणी हसणार नाही. दोन दिवस द्या मले, चांगली करून आणते.

सुशिलाबाई: नको. हीच म्हणा.